आत्या म्हणते चाळीसगाव, काका म्हणतात इथलेच

नाशिकच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. थोडं आटोपशीर करून देतो.

"वडील गेल्या वर्षी गेले. अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो, तेव्हा आमच्या गावाच्या उपाध्यांनी वही काढून दाखवली. १९५६ च्या सिंहस्थात माझे आजोबा येऊन गेल्याची नोंद निघाली, खाली त्यांची वेडीवाकडी सही. बघून रडूच आलं. पण त्या नोंदीत आजोबांच्या वडिलांचं नाव 'केरू' आहे. आमच्या घरात पणजोबांचं नाव महादू, श्राद्धालाही तेच घेतात. आमचं गाव निफाड तालुक्यात. काका गावीच शेती बघतात, ते म्हणतात आपण पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. आत्या ८८ वर्षांची आहे, येवल्याला दिली होती. ती म्हणते, पणजोबा सात-आठ वर्षांचे असताना आईचं बोट धरून चाळीसगावकडून आले, त्यांचे वडील प्लेगात गेले होते. हे तिला तिच्या आजीने सांगितलं. काकांना विचारलं तर चिडले. 'जुनी मढी कशाला उकरतेस? जमिनीचे कागद कशाला हवेत तुला?' मला हिस्सा नको आहे. आपण कोण, कुठले, एवढंच कळायला हवं. सुरुवात कुठून करू? आणि काकांचं काय करू?"

ताई, सुरुवात येवल्यापासून करा आणि ती याच आठवड्यात करा. तहसील कचेरीतलं दप्तर शंभर वर्षं तिथे आहे, ते अजून दोन महिने थांबेल. आत्यांच्या डोक्यात जे आहे ते मात्र दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नाही. मला अशी पत्रं बरीच येतात, आणि त्यांतली निम्मी माणूस गेल्यानंतर लिहिलेली असतात. तुमचं तसं नाही याचं मला फार बरं वाटलं.

आत्यांकडे जाताना वंशावळीचा तक्ता घेऊन जाऊ नका. मोकळे चौकोन समोर ठेवून "याच्या वर कोण?" असं विचारलं की म्हातारं माणूस परीक्षेला बसल्यासारखं गप्प होतं, नाहीतर तुम्हाला बरं वाटावं म्हणून काहीतरी नाव सांगून टाकतं. साल तर विचारूच नका. त्यांच्या पिढीच्या गावाकडच्या बहुतेकांची जन्मतारीख शाळेतल्या मास्तरांनी १ जून लिहिलेली असते. त्यापेक्षा त्यांना ज्यातून आठवतं त्या वाटेने जा. नाशिककराकडे सिंहस्थाचं स्वतःचं पंचांग असतं: १९५६, १९६८, १९८०. "त्या सिंहस्थाला बाबांचं लग्न झालं होतं का?" याचं उत्तर पटकन मिळतं. १९६९ चा गोदावरीचा पूर, १९७२ चा दुष्काळ याही अशाच खुणा आहेत. त्यामागचं ऐकीव असेल तर १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ, आणि त्याआधीचा गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिले तो काळ.

लग्नं विचारा. आत्यांच्या लग्नात पाठीशी मामा म्हणून कोण उभा राहिला? पणजीचं माहेर कोणतं, तिकडून आहेर कोण घेऊन आलं? पंगतीत कुणाचा मान आधी होता? कुणाच्या घरी सुतक आलं की आपल्या घरीही ते पाळत होते? हा शेवटचा प्रश्न विसरू नका, त्याच्याकडे मी परत येणार आहे. आणि त्यांना जात्यावरच्या ओव्या येत असतील तर म्हणायला सांगा. १९३७ च्या आसपास जन्मलेल्या बाईच्या कानावर त्या नक्की पडलेल्या आहेत. ओवीत माहेरचं गाव येतं, भाऊ येतो, वाटेतली नदी येते. आजीची ओवी आत्यांच्या तोंडात राहिली असेल, तर आजी कुठली होती हे कदाचित तिथेच सापडेल.

मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा, त्यांना सांगून. एकाच दिवसात सगळं उरकू नका. दुसऱ्यांदा जाल तेव्हा त्या पहिल्या दिवशीपेक्षा जास्त सांगतील, कारण मधल्या रात्री त्यांना झोप लागलेली नसते. दुसऱ्या वेळी त्यांनी काही वेगळं सांगितलं तर पहिलं खोडू नका, दोन्ही लिहा, तारखेसह. प्रत्येक नावापुढे कोणी सांगितलं आणि त्यांना कोणाकडून कळलं हेही लिहा. तुमच्या पत्रात ते आलंच आहे: आत्यांना त्यांच्या आजीने सांगितलं. म्हणजे ज्या मुलाने आईचं बोट धरलं होतं, त्याच्याच बायकोचं हे सांगणं आहे. मधे एकच कान आहे. ऐकीव माहितीत इतकी जवळची साखळी क्वचित मिळते, म्हणून मी आत्यांच्या बोलण्याला बरंच वजन देईन.

काळही जुळतो. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघड झाला आणि पुढच्या काही वर्षांत नाशिक-खानदेशात पसरला. मागोमाग १८९९-१९०० चा छप्पनचा दुष्काळ आला. चाळीसगाव, मनमाड, लासलगाव, निफाड ही सगळी एकाच रेल्वेमार्गावरची स्टेशनं आहेत आणि ती गाडी तेव्हा धावत होती. नवरा गेलेली बाई सात वर्षांच्या मुलाला घेऊन त्या गाडीने निघाली, यात न पटण्यासारखं काही नाही. प्रश्न एवढाच उरतो की ती निफाडलाच का उतरली. दुष्काळ-साथीच्या दिवसांत विधवा बाई लेकरू घेऊन अनोळखी गावात जात नाही. ती माहेरी जाते.

पत्र वाचल्यापासून माझ्या मनात हेच घोळतं आहे. तुमच्या पणजोबांची आई, म्हणजे तुमची खापरपणजी, याच गावची लेक असेल तर? मग काका म्हणतात ते खरं, या मातीशी नातं पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे, फक्त ते खापरपणजीच्या बाजूने आहे. आणि आत्या म्हणतात तेही खरं, बापाच्या बाजूने तुम्ही चाळीसगावकडचे. आपण वंशावळ म्हणून जे काढतो त्यात बाप, आजा, पणजा अशी एकच दोरी धरतो. बायका त्यात कुणाची तरी बायको म्हणून येतात, कधी येतच नाहीत. त्यामुळे जे घराणं बाईच्या माहेरावर उभं राहिलं, त्याची गोष्ट दोन पिढ्यांत हरवते, आणि मग दोघं भावंडं दोन वेगळी गावं सांगतात. ही माझी अटकळ आहे, पुरावा नाही. पण ती तपासता येते.

पहिली तपासणी कागदाशिवाय होते. गावात तुमच्या आडनावाची घरं किती? त्यांच्यातल्या कुणाचं सुतक तुम्हाला येतं? जुने भाऊबंद असतील तर सुतकाचं नातं टिकलेलं असतं, भांडणं झाली तरी. तुमचं एकच घर असेल आणि सुतक कुणाशीच नसेल, तर घर बाहेरून आलेलं असण्याचा संभव मोठा. दुसरं म्हणजे शेताच्या बांधाला बांध कुणाचा? भावांची वाटणी झालेली जमीन शेजारी-शेजारी असते. तुमच्या जुन्या तुकड्याला तिन्ही बाजूंनी एकाच परक्या आडनावाची जमीन लागत असेल, तर तो तुकडा त्या घराने भाच्याला काढून दिलेला असू शकतो. आणि कुलदैवत. नवरात्रात, लग्नानंतर तुम्ही कुठे जाता? गावातले बाकीचे एकीकडे जातात आणि तुमचंच घर खानदेशाकडच्या देवस्थानाला जातं, असं असेल तर ती वाट तुमच्या घराने येताना बरोबर आणलेली आहे. देव्हाऱ्यातले टाक बघा. आपल्याकडे धूलिवंदनाला घराघरातले वीर, म्हणजे पूर्वजांचे टाक, गोदावरीवर नेतात. तुमच्या घरी वीर असेल तर तो कुणाच्या नावाचा, हे आत्यांना विचारा.

एक जागा लोक बघतच नाहीत, ती म्हणजे माळ्यावरची भांडी. तांब्या-पितळेची भांडी नाशिकची. लग्नात दिलेल्या हंड्या-कळशीवर नाव घालून देण्याची रीत आपल्याकडे घट्ट होती. कुणी दिलं, कुणाच्या लग्नात, कधीकधी गाव आणि तारीखसुद्धा. सरकारी दप्तरात ज्या बाईचं नाव एकदाही आलेलं नाही तिचं नाव घागरीच्या काठावर सापडतं. चिंचेने घासा, उन्हात तिरकं धरा आणि फोटो काढा. मोडीत टाकायला काढलेली भांडी असतील तर काकूंना आत्ताच फोन करून थांबवा.

आता केरू आणि महादू.

घाबरू नका, उपाध्यांची वही चुकलेली असेलच असं नाही आणि तुमचं श्राद्धही चुकलेलं नाही. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याला केरावर ठेवून उचलायचे, दगडाच्या मोलाचा म्हणायचे, म्हणजे त्याच्याकडे कुणाची दृष्ट जाऊ नये. केरू, धोंडू, दगडू, भिकू ही नावं तिथून आली. अशा मुलाचं पाळण्यातलं नाव वेगळं असायचं. तेव्हा केरू आणि महादू हा एकच माणूस असू शकतो. दुसरी शक्यता, आजोबा दत्तक गेले असतील. दत्तक मुलगा दत्तक बापाचं नाव लावतो आणि घरात मात्र जन्मदात्याची आठवण राहते. तिसरी, केरू हा मामा किंवा थोरला चुलता, ज्याने वाढवलं, आणि आजोबांनी उपाध्यांपुढे त्यालाच बाप म्हटलं. वहीतलं नाव यात्रेकरूने तोंडाने सांगितलेलं असतं, तिथे दाखला मागत नाहीत. आजोबांना त्या दिवशी कुणाचं नाव घ्यावंसं वाटलं हे त्यात कळतं, आणि तेही काही कमी नाही.

निवाडा दोन कागद करू शकतील. एक, गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर. आजोबा शाळेत एक वर्ष जरी गेले असतील तरी त्यांचं नाव, वडिलांचं नाव, जात आणि बहुधा जन्मगाव तिथे लिहिलेलं असणार. मुख्याध्यापकांना अर्ज करून प्रवेश-निर्गम उतारा मागा. जुनी शाळा असेल तर रजिस्टर अजून कपाटात असतं. दुसरा, पणजोबा वारले तेव्हाची वारसाची फेरफार नोंद. 'महादू उर्फ केरू' एवढी एक ओळ निघाली की विषय संपला.

फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांची नोंद, गाव नमुना ६. आपल्याकडे हक्कनोंदणी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत बसली, तेव्हा पणजोबा मोठे होऊन जमीन कसत असणार. प्रत्येक फेरफारात जमीन कशी आली ते लिहितात: वारसाने, खरेदीने, बक्षीसपत्राने, वाटणीने. तुमच्या घराच्या नावावरची सगळ्यात जुनी नोंद शोधा आणि त्यात देणारा कोण आहे ते बघा. देणाऱ्याचं आडनाव आणि बांधाशेजारचं आडनाव एकच निघालं, तर खापरपणजीचं माहेर बहुतेक सापडलं. त्याच्याही मागे जायचं तर कडईपत्रक, म्हणजे त्याआधीचं जमिनीचं पत्रक, मागावं लागेल. जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, हे वेगळं दप्तर. त्यात मृत्यूचं कारणही असतं. चाळीसगाव तालुक्यातल्या ज्या गावाचं नाव आत्या घेतील, तिथल्या कोतवाल बुकात १८९७ ते १९०३ च्या दरम्यान तुमच्या आडनावाचा, प्लेगाने किंवा तापाने गेलेला तरणा माणूस शोधायचा. ती नोंद निफाडला मिळणार नाही, चाळीसगावच्या तहसील कचेरीत जावं लागेल. जुन्या कागदावर जळगाव जिल्हा दिसला नाही म्हणून बिचकू नका. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता, मग पूर्व आणि पश्चिम झाला, जळगाव हे नाव नंतरचं. आपला नाशिक जिल्हाही १८६९ सालचा. त्याआधीचा इकडचा मुलूख अहमदनगर आणि खानदेश यांच्याकडे होता.

घरबसल्या थोडं होतं. शासनाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर जुने फेरफार, सातबारा यांच्या स्कॅन केलेल्या प्रती बघता येतात. पण तिथे बसण्याआधी एक अडचण सोडवा. आजचा तुमचा गट नंबर जुन्या कागदावर सापडणार नाही. १९४७ च्या कायद्याने जमिनींचं एकत्रीकरण झालं तेव्हा सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. कोणता जुना सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला हे एकत्रीकरणाच्या नऊ-तीन, नऊ-चार उताऱ्यात मिळतं, आणि तो तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मागायचा. हा उतारा न घेता नोंदी शोधणारे लोक महिनोन्‌महिने दुसऱ्याच्या शेतात फिरतात. संकेतस्थळावर नाही मिळालं तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. गाव, नमुना, सर्व्हे नंबर आणि अंदाजे साल लिहून. "आमचे सर्व जुने कागद द्यावेत" असा अर्ज कधीच करू नये, त्याला "आढळ होत नाही" एवढंच उत्तर येतं.

जुने कागद मोडी लिपीत असतील. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्या दप्तरात मोडी होती. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना मोठी मागणी आहे आणि त्यामुळे वाचक शोधणंही पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं. तुम्हाला वेळ असेल तर स्वतः शिका, महिन्याभरात निदान आपलं आडनाव ओळखता येतं. नाही जमलं तर लिप्यंतर करून घ्या, पण मूळ कागदाचा फोटो त्यासोबत कायम ठेवा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, अक्षरं एकमेकांत गुंतलेली असतात आणि नावं हमखास चुकीची वाचली जातात. दोघांकडून वाचून घ्या. काही शब्द पाठ ठेवा. 'बिन' आणि 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' आणि 'भ्रतार' बाईच्या नावापुढे, नवऱ्याचं नाव सांगायला. 'अपाक' म्हणजे अज्ञान पालन कर्ता, सज्ञान नसलेल्या मुलाच्या वतीने पाहणारा. तुमच्या पणजोबांच्या नावापुढे हे दिसलं तर पालनकर्ता कोण ते डोळ्यांत तेल घालून बघा, मामा तिथेच सापडेल. 'एकुमॅ' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं नाव लागतं, बाकीच्यांचं लागत नाही, म्हणून एकच नाव दिसलं तरी एकुलता एक समजू नका. जुन्या कागदावर शके असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, फसली साल असेल तर ५९०, सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००, महिन्याप्रमाणे वर्षभराचा फरक पडतो.

रामकुंडावरच्या वहीकडे पुन्हा जा. अस्थिविसर्जनाच्या दिवशी डोळ्यांत पाणी असताना एक नोंद बघणं वेगळं आणि सकाळी वेळ काढून शांतपणे बसणं वेगळं. उपाध्यांना आधी फोन करा आणि १९५६ च्या मागच्या नोंदी विचारा. त्यांच्याकडे गावं वाटून घेतलेली असतात, म्हणून चाळीसगावकडचं गाव कळलं की त्या गावाच्या वह्या कुणाकडे हेही विचारा. खापरपणजोबांचे वडील किंवा भाऊ कधी गोदेवर आले असतील तर ते निफाडच्या गावाखाली नाही, तिकडच्या गावाखाली असतील. त्र्यंबकेश्वरच्या वह्या वेगळ्या. वही त्यांच्या घरची आहे, पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी सांभाळली आहे. दक्षिणा मनापासून द्या, फोटो विचारून काढा. निघताना तुमची स्वतःची नोंद करा आणि तीत आई, आजी, पणजी, आत्या सगळ्यांची नावं माहेरच्या गावासह लिहायला सांगा. लिहून घेतात, मी बघितलं आहे.

इथे इतर वाचकांसाठी एक सांगायला हवं, कारण वहीचं कौतुक ऐकून काहींच्या मनात सल उठतो. सगळ्यांच्या वाडवडिलांची वही रामकुंडावर नाही. ज्यांना काळाराम मंदिरात पाऊल ठेवू द्यावं म्हणून १९३० साली याच गावात सत्याग्रह करावा लागला, त्यांची वंशावळ तिथे शोधायला सांगणं अन्यायाचं आहे. त्यांनी वतनाची रजिस्टरं बघावीत. महार वतन १९५८ च्या कायद्याने संपलं, त्या वेळच्या कागदांत वतनदारांची नावं वारसांसह आहेत. शाळेची रजिस्टरं, पलटणीतल्या नोकरीचे कागद, गिरणीतल्या आजोबांचं हजेरी कार्ड. शरणपूरच्या ख्रिस्ती घरांना चर्चची बाप्तिस्म्याची नोंदवही आहे, मुसलमान घरांना काझींकडचे निकाहाचे दप्तर. आणि सगळ्यांना आत्या आहेत.

आता काका.

काका चिडले ते जुन्या मढ्यांमुळे नाही. तुमचे आजोबा १९५६ नंतर वारले, म्हणजे वारसा कायद्याने मुलीही वारस. त्यांच्या मृत्यूनंतरच्या वारस फेरफारात आत्यांचं नाव लागलेलं असणार, आणि पुढे कुठेतरी त्यांनी हक्क सोडल्याची नोंदही असेल. तो कागद तुम्ही काढणार हे काकांना कळतं. मनात काय चालत असेल याची कल्पना करा: आज पुतणी पणजोबांचं नाव विचारते आहे, उद्या वकील घेऊन येईल. निफाडकडे जमिनीचा भाव काय झाला आहे ते तुम्हालाही माहीत आहे. त्यांची भीती खोटी नाही.

म्हणून त्यांच्याशी फोनवर बोलू नका, गावी जा. जाण्याआधी स्वतःच्या मनाशी एक गोष्ट पक्की करा. हिस्सा नको असं तुम्ही पत्रात लिहिलं आहे. ते खरंच तसं असेल तर काकांना तितक्याच साध्या शब्दांत सांगा. पण थोडीशी जरी शंका मनात असेल तर हे वाक्य बोलू नका. वंशावळीच्या नावाने घरात शिरून नंतर हिस्सा मागणं यासारखं घर मोडणारं दुसरं काही नाही. हिस्सा मागणं हा तुमचा हक्क आहे, तो मागायचा तर सरळ मागा, वेगळा मागा. आणि आत्यांच्या वतीने तुम्ही काही ठरवू नका. फेरफारात त्यांचं नाव कमी झालेलं दिसलं तर त्यांना ते दाखवा की नाही हा प्रश्न अवघड आहे. माझं मत असं की त्यांनी विचारलं तर खरं सांगावं, न विचारता ८८ व्या वर्षी त्यांच्यापुढे कागद धरू नये.

कागद मागायला काकांची परवानगी लागत नाही, फेरफार हे सार्वजनिक दप्तर आहे. तरी त्यांना आधी सांगा. त्यांच्याकडे असं काही आहे जे तहसीलला मिळणार नाही. बांध कुणाचा कुठे होता, कोणत्या विहिरीला कुणाचं नाव आहे, कोणत्या घराशी आपण भावकीसारखं वागतो पण सुतक पाळत नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. आत्या लग्न होऊन गेल्या, वडील नोकरीला नाशिकला आले, गावात राहिले ते काका. त्यांना जाब विचारणारे प्रश्न आजवर पुष्कळांनी विचारले असतील, आठवणी कुणी विचारल्या नसतील. त्यांच्याबरोबर एकदा शेताला फेरी मारा. वही काढू नका, चाला आणि ऐका. "आपण इथलेच" हे ते ज्या जोराने म्हणतात, त्यामागे बाहेरचे म्हणून कधीतरी ऐकावं लागलेलं असू शकतं. ते निघालं तर हळुवार घ्या.

मधे काही नको असलेलंही निघेल. पाट लावलेली बाई, टाकलेली बायको, दत्तकावरून झालेलं भांडण. जे माणूस जिवंत आहे त्याच्याबद्दलचं काही घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. तुमच्या वहीत लिहा, बाकीच्यांना विचारल्यावर सांगा.

क्रम लक्षात ठेवा: येवला, मग गावी काका, मग शाळेचं रजिस्टर आणि निफाडचे फेरफार, आणि आत्यांनी गावाचं नाव सांगितलं असेल तरच चाळीसगाव. सगळ्यात जुन्या फेरफाराची नक्कल हातात आली की तिच्या दोन प्रती काढा आणि पहिली काकांना नेऊन द्या. देणाऱ्याचं आडनाव वाचून ते कोण, हे तुमच्याआधी त्यांनाच सांगता येईल.